येल विद्यापीठाचा मोफत अभ्यासक्रम: गुलामगिरीला विरोध कुणी केला आणि कशासाठी?

'ओपन येल कोर्सेस'मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धावर एक अभ्यासक्रम आहे. प्राध्यापक डेव्हिड ब्लाइट यांची 27 व्याख्यानं, 2008 साली प्रत्यक्ष वर्गात शिकवताना रेकॉर्ड केलेली. काळ 1845 ते 1877. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही. व्हिडिओ बघा, नुसतं ऐका, नाहीतर शब्दन् शब्द उतरवलेला मजकूर वाचा. बेळगावात वडगावला माझ्या घरी रविवारी सकाळी माझे जुने विद्यार्थी जमतात. कुणी यूपीएससीला इतिहास घेतलाय, कुणी केएएसच्या, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या मागं आहे, दोघंतिघं नुसत्या आवडीनं येतात. सगळे मराठी माध्यमातले. त्यांच्याबरोबर बसून पहिली अकरा व्याख्यानं, म्हणजे युद्ध पेटेपर्यंतचा आणि त्याची कारणं तपासणारा भाग, मी नीट केला. पुढची माझी मी ऐकली. हे परीक्षण मुख्यतः त्या अकरांचं आहे, कारण माझ्या मते या अभ्यासक्रमाचं खरं मोल तिथं आहे.

यूपीएससीच्या ऐच्छिक इतिहासात अमेरिकन यादवी, लिंकन आणि गुलामगिरीचं निर्मूलन हा विषय आहे. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या नोट्समध्ये सगळा मामला दोन ओळींत उरकलेला असतो: उत्तरेला गुलामगिरी नको होती, दक्षिणेला हवी होती, म्हणून युद्ध झालं. उत्तरेला ती का नको होती, हे कुणी विचारतच नाही. दयाळू माणसं होती, दया आली, असं मुलं गृहीत धरून चालतात. हा अभ्यासक्रम तसं चालू देत नाही. दुसरं आणि तिसरं व्याख्यान दक्षिणेच्या समाजावर आणि गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्या विचारावर, चौथं उत्तरेच्या विचारविश्वावर. तिथून पुढं मेक्सिकोचं युद्ध, 1850 ची तडजोड, कॅन्सस-नेब्रास्का, ड्रेड स्कॉट या गुलामाचा खटला, जॉन ब्राउनचं सशस्त्र बंड आणि 1860 ची निवडणूक. या क्रमानं ऐकत गेलं की विरोधाचे धागे वेगवेगळे दिसायला लागतात.

आमच्या वर्गात पहिली खळबळ झाली ती विल्मटवरून. 1846 साली अमेरिकेनं मेक्सिकोशी युद्ध सुरू केलं. जिंकून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरीला कायमची बंदी असावी, अशी दुरुस्ती डेव्हिड विल्मट या पेनसिल्व्हेनियाच्या डेमोक्रॅट सदस्यानं 8 ऑगस्टला प्रतिनिधिगृहात मांडली. प्रतिनिधिगृहानं ती मंजूर केली, सिनेटमध्ये ती अडली. नोट्समध्ये एवढंच असतं, आणि विल्मट थोर वाटतो. त्याचं पुढच्या वर्षीचं भाषण मी मुलांपुढं ठेवलं. गुलामांबद्दल आपल्याला काही फाजील कळवळा नाही, आपण गोऱ्या स्वतंत्र माणसाचा हक्क मांडतो आहोत, त्याला नवी जमीन स्वच्छ मिळावी, गुलामांच्या शेजारी राबण्याचा कमीपणा त्याच्या वाट्याला येऊ नये, असा त्याचा रोख आहे. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग हे लोक गुलामांसाठी भांडालेत की आपल्या जमिनीसाठी?"

प्रश्न अचूक होता. जमिनीसाठीच. आणि हे समजायला वडगावच्या मुलांना वेळ लागत नाही. ज्याच्या घरी दोन माग आहेत असा एकजण लगेच म्हणाला, शेजारच्या मागावर कुणी फुकट राबणारा बसवला तर मला मजुरी कोण देणार? उत्तरेतल्या कारागिराचा, शेतकऱ्याचा आणि आयर्लंड-जर्मनीहून नव्यानं आलेल्या मजुराचा हिशेब जवळपास हाच होता. शिवाय त्यात एक अभिमानही होता. आज दुसऱ्याकडं मजुरी करणारा माणूस उद्या स्वतःची जमीन किंवा दुकान घेऊ शकतो, श्रमाला प्रतिष्ठा आहे, हा उत्तरेचा विश्वास होता. गुलामगिरी जिथं जाते तिथं अंगमेहनतीलाच कमीपणा येतो आणि गरीब गोराही वर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नॉर्थ कॅरोलायनाचा हिंटन हेल्पर तर दक्षिणेतलाच. त्यानं 1857 मध्ये गुलामगिरीवर जोरदार हल्ला चढवला तो दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या वतीनं. कृष्णवर्णीयांबद्दल त्याच्या मनात द्वेषच होता.

विल्मटची दुरुस्ती फसली, पण तिच्यातून 1848 मध्ये बफेलो शहरात फ्री सॉइल पक्ष उभा राहिला. 'मुक्त भूमी, मुक्त वाणी, मुक्त श्रम, मुक्त माणसं' ही त्याची घोषणा. हे अधिवेशन म्हणजे हेतूंचं एक प्रदर्शनच होतं, आणि या एका प्रसंगावर मी वर्गाची पूर्ण सकाळ घालवली. एका बाजूला ओहायोचा वकील सॅमन चेस, पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवणारा, गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षातून आलेला. दुसऱ्या बाजूला मॅसॅच्युसेट्सचे व्हिग, म्हणजे तेव्हा डेमोक्रॅटांच्या विरोधातल्या मोठ्या पक्षाचे लोक. आपल्याच पक्षातल्या कापूस-गिरणीवाल्यांशी त्यांचं फाटलं होतं. चार्ल्स सम्नर त्यांतला. आणि तिसरी बाजू न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट बंडखोरांची, मार्टिन व्हॅन ब्युरेनची. हाच माणूस राष्ट्राध्यक्ष असताना गुलामगिरीविरोधकांना दूर ठेवत होता. 1844 साली टेक्सासच्या विलीनीकरणावरून दक्षिणेनं त्याची उमेदवारी घालवली, तो राग मनात धरून ही मंडळी आली होती. आणि पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कुणाला केलं? व्हॅन ब्युरेनलाच. त्याला सुमारे 10 टक्के मतं पडली. सद्सद्विवेक, जमीन आणि जुना हिशेब चुकता करण्याची इच्छा, तिन्ही गोष्टी एकाच मंचावर, एकाच ठरावाखाली.

इथं आमच्या वर्गात सीमाभागाचा विषय निघणारच होता, आणि निघाला. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत लहानपणापासून चालत आलेली ही मुलं आहेत. एकजण म्हणाला, बाई, आपल्याकडं पण तसंच की, कुणी भाषेसाठी येतो, कुणी मराठी शाळेसाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी तिकिटासाठी, पण मागणी एकच. निरीक्षण बरोबर आहे आणि मी ते खोडलं नाही. पण त्याची मर्यादा लगेच दाखवली, ती इथंही लिहिते. आपल्याकडं मागणी करणारा आणि सोसणारा एकच असतो. फेरीत चालणाऱ्याला मतदानाचा हक्क आहे, तो आपल्यासाठी स्वतः बोलतो. तिथं 1860 साली जवळजवळ 40 लाख माणसं गुलाम होती आणि ज्या राजकारणात त्यांचं भवितव्य ठरत होतं त्यात त्यांना एकही मत नव्हतं. उलट राज्यघटनेच्या तीन-पंचमांश कलमानं पाच गुलामांमागं तीन डोकी मोजून त्यांच्या मालकांनाच जास्त जागा दिल्या होत्या. म्हणून गुलामगिरीविरोधी राजकारणाचे हेतू तपासताना आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलणाऱ्यांचे हेतू तपासत असतो, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

याच तीन-पंचमांश कलमातून विरोधाचा आणखी एक धागा निघतो, आणि मतांच्या हिशेबात तो सगळ्यांत मजबूत ठरला असं मला वाटतं. उत्तरेतल्या साध्या माणसाला गुलामाचं दुःख दुरून कळत होतं. गुलाममालकांची सत्ता मात्र आपल्या दारापर्यंत आली आहे हे त्याला जवळून दिसत होतं. 1836 पासून 1844 पर्यंत गुलामगिरीविरोधी अर्ज प्रतिनिधिगृहात विचारातच घ्यायचे नाहीत असा नियम होता. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी त्या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षं झगडला, तो आधी नागरिकाच्या अर्ज करण्याच्या हक्कासाठी. 1850 च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यात तर अशी सोय होती की पकडलेला माणूस मालकाला परत द्यायचा निकाल दिला तर आयुक्ताला 10 डॉलर, सोडून दिला तर 5. शिवाय धरपकडीला मदत करायला कुठल्याही नागरिकाला बोलावता येत होतं. 1856 च्या मे महिन्यात सम्नरला सिनेटच्या सभागृहात, त्याच्याच बाकावर, साउथ कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रुक्सनं काठीनं रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. ज्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं असे हजारो लोक या घटनांनी रिपब्लिकन झाले. आता हे आपल्यावर आलं, अशी त्यांची भावना होती. 1854 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं मिसूरी तडजोडीची रेषा, जिच्या उत्तरेला नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी होती ती, पुसली आणि त्याच वर्षी हा नवा रिपब्लिकन पक्ष जन्मला. सातवं व्याख्यान त्यावर आहे. एकच ऐकायला वेळ असेल तर हे ऐका.

मुलं सगळ्यांत जास्त हादरली ती ऑरेगॉनच्या आकड्यांनी. हे मी अभ्यासक्रमाच्या जोडीला दिलं होतं. 1857 च्या नोव्हेंबरमध्ये ऑरेगॉनच्या मतदारांपुढं राज्यघटनेबरोबर दोन वेगळे प्रश्न ठेवले होते. मी फळ्यावर लिहिलं: गुलामगिरी हवी, 2,645, नको, 7,727. मुलांचे चेहरे खुलले. खाली दुसरा प्रश्न लिहिला. मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात बंदी असावी, 8,640, नसावी, 1,081. म्हणजे गुलामगिरीविरुद्ध जेवढी मतं पडली त्याहून जास्त मतं कृष्णवर्णीय माणूस शेजारी नको म्हणून पडली. मतदार तेच, दिवस तोच. फळ्यावरचे ते चार आकडे मी आठवडाभर पुसले नाहीत. गुलामगिरीला विरोध आणि गुलामाच्या बाजूनं उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या आकड्यांनी नीट शिकवलं. कॅन्सस हे गुलामगिरी नसलेलं राज्य व्हावं म्हणणाऱ्या तिथल्या मुक्त-राज्यवाद्यांनीही 1855 मध्ये आपल्या टोपेका घटनेबरोबर कृष्णवर्णीयांना असाच बंदीचा कौल दिला होता.

मग लिंकन. त्याच्याबाबत दोन टोकं आपल्याकडं चालतात: एक देवमाणूस, दुसरं टोक म्हणजे ढोंगी. 16 ऑक्टोबर 1854 चं त्याचं पिओरियाचं भाषण वाचलं तर दोन्ही टोकं टिकत नाहीत. त्या एकाच भाषणात तो गुलामगिरीला राक्षसी अन्याय म्हणतो, आणि त्याच भाषणात नवे प्रदेश मुक्त गोऱ्या लोकांच्या घरांसाठी हवे आहेत असंही म्हणतो. 1858 मध्ये चार्ल्सटनच्या वादसभेत आपण दोन्ही वंशांच्या सामाजिक-राजकीय समतेच्या बाजूचे नाही असं स्पष्ट सांगतो, आणि महिन्याभरात ऑल्टनला हा साऱ्या जगातला न्याय-अन्यायाचा सनातन झगडा आहे म्हणतो. ऑल्टन म्हणजे तेच गाव, जिथं 1837 साली इलायजा लव्हजॉय हा संपादक आपलं छापयंत्र जमावापासून वाचवताना गोळी लागून मेला. माझं मत असं की लिंकन दोन्ही वेळा मनापासून बोलत होता. नैतिक चीड खरी होती, मतदारांचा पूर्वग्रह त्याला ठाऊक होता, आणि तो काही प्रमाणात त्याचाही होता. ब्लाइट माणसांना असं आतून गुंतागुंतीचं राहू देतात, हे मला फार आवडलं. त्यांच्या आवाजात कळकळ आहे, पण निकाल देण्याची घाई नाही.

1860 मध्ये शिकागोत मंजूर झालेला रिपब्लिकन जाहीरनामाही वाचावा. प्रदेशांत गुलामगिरी नको, हे आहेच. त्याच्या शेजारी पेनसिल्व्हेनियाच्या लोखंडवाल्यांना हवी असलेली आयात जकात, कसणाऱ्याला मोफत जमीन आणि पॅसिफिकपर्यंत रेल्वे. जिथं गुलामगिरी आधीपासून आहे तिथं हात लावणार नाही, असंही पक्ष सांगत होता. आणि 1861 च्या मार्चमध्ये काँग्रेसनं, काही रिपब्लिकन मतांच्या आधारानं, तशी घटनादुरुस्तीसुद्धा राज्यांकडं पाठवली. एवढ्या मवाळ, एवढ्या मिश्र विरोधालाही दक्षिण इतकी भ्याली की लिंकन निवडून आल्यावर साउथ कॅरोलायनानं 20 डिसेंबर 1860 लाच संघराज्य सोडलं होतं. विरोध करणाऱ्याच्या मनात काय आहे याची गुलाममालकांना फिकीर नव्हती. पसरणं थांबलं की ही व्यवस्था गुदमरणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता महात्मा फुले. मराठी वाचकाला हा विषय परका नाही तो त्यांच्यामुळं. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामात त्यांनी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवली म्हणून. ती अर्पणपत्रिका आम्ही वर्गात मोठ्यानं वाचली आणि ऑरेगॉनच्या आकड्यांशेजारी ठेवली. मग फुले चुकले का, असा प्रश्न आलाच. मी म्हणाले, नाही. निरपेक्ष माणसं खरोखर होती. लव्हजॉय होता. 1831 पासून वर्तमानपत्र चालवणारा आणि 4 जुलै 1854 ला राज्यघटनेची प्रत जाहीरपणे जाळणारा विल्यम लॉइड गॅरिसन होता. तो तर पक्षीय राजकारणाला शिवतही नव्हता, कारण तिथं तडजोड अटळ आहे हे त्याला दिसत होतं. पळून आलेल्यांना घरात लपवणारी, नावंही न उरलेली कृष्णवर्णीय कुटुंबं होती. फुल्यांनी मान दिला तो या माणसांना. पक्ष आणि मतदार यांचं बळ नसतं तर मात्र गुलामगिरीला वेसण पडली नसती, आणि त्या बळात निरपेक्षता थोडी, स्वार्थ पुष्कळ होता. ब्राह्मणी सत्तेशी झुंजताना फुल्यांना परक्या देशातलं एक उजळ उदाहरण हवं होतं, आणि त्यांनी योग्य तेच उचललं. आपण आज दीडशे वर्षांनी पुढचा हिशेबही बघायला हवा.

तो हिशेब सगळ्यांत नेमका मांडला फ्रेडरिक डग्लसनं. स्वतः गुलाम, 1838 मध्ये पळून आलेला, आधी गॅरिसनचा अनुयायी, मग 1851 मध्ये त्याच्यापासून फुटून राजकारणाचा मार्ग स्वीकारणारा. 14 एप्रिल 1876 ला वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचं अनावरण झालं. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले. डग्लसनं तिथं सांगितलं की लिंकन हा प्राधान्यानं गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता. कट्टर निर्मूलनवादी भूमिकेवरून पाहिलं तर तो मंद, थंड, उदासीन दिसतो. पण ज्या देशाचं त्याला ऐकावं लागत होतं त्या देशाच्या भावनेशी ताडून पाहिलं तर तोच वेगवान आणि ठाम दिसतो. ज्याची मुक्ती पणाला लागली होती तो माणूस मुक्तिदात्याच्या पुतळ्याखाली उभा राहून हे बोलला. मला तरी हेतूंच्या प्रश्नावर यापेक्षा सच्चं काही वाचायला मिळालेलं नाही.

आता सोयी-गैरसोयी. ब्लाइट वेगात बोलतात, आणि अमेरिकी विद्यार्थ्याला शाळेतच माहीत झालेल्या गोष्टी समजावत बसत नाहीत. व्हिग म्हणजे काय, मिसूरी कुठं, हे आपलं आपण शोधायचं. भिंतीवर 1850 चा नकाशा लावल्याशिवाय सहावं आणि सातवं व्याख्यान करू नका. मराठी माध्यमातल्या मुलांनी आधी मजकूर वाचावा, मग ऐकावं. उलट केलं तर पहिल्या दहा मिनिटांत मुलं हात टेकतात. आम्ही प्रत्येक व्याख्यानाचा एक परिच्छेद मराठीत उतरवत गेलो, त्यातून मुलांची उत्तरं लिहिण्याची भाषा सुधारली. प्रमाणपत्र मिळत नाही, ज्याला ते हवं त्यानं दुसरीकडं बघावं. ऑडिओ उतरवून घेता येतो, खानापूरहून बसनं येणाऱ्या मुलाला ते फार उपयोगी पडलं, जंगलपट्ट्यात रेंज नसते. आपल्या भागाशी असलेला धागा मात्र आपणच जोडायचा. न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्यावरून धारवाडकडं पिकवलेला 'धारवाड-अमेरिकन' कापूस, आणि युद्धात अमेरिकेचा कापूस अडल्यावर मुंबईत चढलेले भाव, हे मी माझ्या टिपणांतून सांगितलं. हातमागावर वाढलेल्या मुलांनी ते कान देऊन ऐकलं.

घाईच्या परीक्षार्थ्याला हा अभ्यासक्रम जड जाईल, त्यानं चौथं, सातवं आणि दहावं करून पुढं जावं. इतिहासाच्या शिक्षकांनी मात्र अकराच्या अकरा करावीत. दक्षिणेवरची दोन वगळू नयेत, कारण समोरचा कशाचं समर्थन करत होता हे कळल्याशिवाय विरोधकाचा हेतू कळत नाही. जोडीला विल्मट, पिओरिया आणि डग्लसचं 1876 चं भाषण ठेवावं. तिन्ही इंटरनेटवर मोफत आहेत, आणि डग्लसच्या भाषणाचं आम्ही केलेलं कच्चं मराठी भाषांतर माझ्याकडं वहीत आहे, वडगावच्या आसपास कुणाला हवं असेल तर रविवारी येऊन झेरॉक्स काढून न्यावं.